व्हिव्हियन बुलविंकल

व्हिव्हियन बुलविंकल (१८ डिसेंबर १९१५ – ३ जुलै २०००) या ऑस्ट्रेलियन सैन्य परिचारिका होत्या. दुसऱ्या महायुद्धात १६ फेब्रुवारी १९४२ रोजी बांका बेटाच्या (आजचा इंडोनेशिया) किनाऱ्यावर जपानी सैनिकांनी २२ ऑस्ट्रेलियन परिचारिकांवर मशीनगनने गोळीबार केला. त्या २२ जणींपैकी केवळ बुलविंकल जिवंत राहिल्या. त्यानंतर साडेतीन वर्षे त्यांनी जपान्यांच्या कैदेत काढली व युद्ध संपल्यावर टोकियो येथील आंतरराष्ट्रीय लष्करी न्यायाधिकरणापुढे या हत्याकांडाची साक्ष दिली. रॉयल रेड क्रॉस, फ्लॉरेन्स नाइटिंगेल पदक आणि ऑर्डर ऑफ ऑस्ट्रेलिया हे त्यांना मिळालेले प्रमुख सन्मान होत. युद्धानंतरची तीन दशके त्यांनी रुग्णालय प्रशासन व परिचर्याशिक्षण या क्षेत्रांत काम केले.

जन्म व शिक्षण

बुलविंकल यांचा जन्म दक्षिण ऑस्ट्रेलियातील कपुंडा या गावी झाला. त्यांचे शिक्षण न्यू साउथ वेल्स राज्याच्या दूर पश्चिमेला असलेल्या ब्रोकन हिल या खाणनगरीत झाले. चांदी, शिसे व जस्त यांच्या खाणींवर हे गाव वसले होते आणि त्यांचे वडीलही खाण कंपनीतच नोकरीला होते. ब्रोकन हिलच्या जिल्हा रुग्णालयात त्यांनी परिचर्या व प्रसूतिविद्या यांचे प्रशिक्षण घेतले. बांका बेटावर ज्यांच्या हाताखाली त्या शेवटपर्यंत उभ्या राहिल्या, त्या मुख्य परिचारिका आयरीन ड्रमंड यांनीही याच रुग्णालयात काम केले होते. प्रशिक्षणानंतर बुलविंकल यांनी व्हिक्टोरिया राज्यातील हॅमिल्टन येथे आणि पुढे मेलबर्नच्या जेसी मॅकफर्सन रुग्णालयात नोकरी केली.

सैन्यसेवेत प्रवेश

१९४१ मध्ये त्यांनी प्रथम ऑस्ट्रेलियाच्या हवाई दलाच्या परिचर्यासेवेसाठी अर्ज केला. परंतु तळपाय सपाट असल्याच्या कारणावरून तो नाकारण्यात आला. त्यानंतर त्या ऑस्ट्रेलियन आर्मी नर्सिंग सर्व्हिस या भूदलाच्या परिचर्यासेवेत दाखल झाल्या. त्यांची नेमणूक २/१३ व्या ऑस्ट्रेलियन सामान्य रुग्णालयात झाली. हे सैन्य रुग्णालय सप्टेंबर १९४१ मध्ये ‘वांगानेला’ या रुग्णालय जहाजाने सिंगापूरला रवाना झाले व पुढे मलायाच्या दक्षिण टोकाला जोहोर राज्यात उभारण्यात आले.

८ डिसेंबर १९४१ रोजी जपानी सैन्य मलायाच्या ईशान्य किनाऱ्यावर उतरले आणि वेगाने दक्षिणेकडे सरकू लागले. जानेवारी १९४२ च्या अखेरीस रुग्णालयाला जोहोर सोडून सिंगापूर बेटावर परतावे लागले. तेथे सेंट पॅट्रिक्स शाळेच्या इमारतीत खाटा मांडून काम पुन्हा सुरू झाले. शहरावर बाँबवर्षाव चालू असतानाच जखमींची संख्या रोज वाढत होती.

सिंगापूरमधून प्रस्थान

डिसेंबर १९४१ मध्ये हाँगकाँग पडले, तेव्हा तेथील परिचारिकांवर जपानी सैनिकांनी केलेल्या अत्याचारांच्या वार्ता सिंगापूरपर्यंत पोहोचल्या होत्या. त्यामुळे ऑस्ट्रेलियन परिचारिकांना बाहेर काढण्याचा निर्णय घेण्यात आला. रुग्णांना मागे ठेवून जाण्यास त्यांपैकी अनेकींची तयारी नव्हती. अखेर तसा हुकूमच देण्यात आला. परिचारिकांची एक मोठी तुकडी ‘एम्पायर स्टार’ या जहाजाने निघाली. या जहाजावर हवाई हल्ले झाले, पण ते सुखरूप पार पडले. त्या हल्ल्यांत जखमींवर स्वतःच्या शरीराचे पांघरूण घालणाऱ्या मार्गारेट अँडरसन यांना पुढे जॉर्ज पदक देण्यात आले.

उरलेल्या ६५ परिचारिका १२ फेब्रुवारी १९४२ रोजी ‘व्हायनर ब्रूक’ या लहान जहाजात चढल्या. सारावाकच्या राजाचे नाव धारण करणारे हे जहाज मुळात थोड्या प्रवाशांसाठी बांधलेले होते. त्या रात्री त्यात परिचारिकांखेरीज शहर सोडून निघालेल्या स्त्रिया, मुले व पुरुषही दाटीवाटीने बसले होते. बुलविंकल या ६५ जणींपैकी एक होत्या. तीन दिवसांनी, १५ फेब्रुवारी रोजी, सिंगापूरने शरणागती पत्करली.

‘व्हायनर ब्रूक’ची जलसमाधी

जहाज दिवसा बेटांच्या आडोशाला थांबत व रात्री पुढे सरकत होते. १४ फेब्रुवारी रोजी दुपारी बांकाच्या सामुद्रधुनीत जपानी विमानांनी ते गाठले. बाँब लागल्यानंतर अर्ध्या तासाच्या आत ते बुडाले. जहाज सोडताना परिचारिकांनी ठरलेल्या शिस्तीप्रमाणे आधी इतर प्रवाशांना व जखमींना होड्यांत उतरविले आणि मग स्वतः पाण्यात उड्या घेतल्या. होड्यांचीही बाँबमुळे मोडतोड झाली होती. त्यामुळे अनेक जणी तराफ्यांना व फळ्यांना धरून कित्येक तास समुद्रात तरंगत राहिल्या. १२ परिचारिका समुद्रातच नाहीशा झाल्या. मलायातील ऑस्ट्रेलियन परिचारिकांच्या प्रमुखांपैकी एक असलेल्या ऑलिव्ह पॅश्के यांचा त्यांत समावेश होता. ३१ जणी निरनिराळ्या ठिकाणी किनाऱ्याला लागून कैद झाल्या. बुलविंकल यांच्यासह २२ जणी बांका बेटाच्या राडजी नावाच्या किनाऱ्यावर पोहोचल्या.

राडजी किनाऱ्यावरील हत्याकांड

किनाऱ्यावर पेटविलेल्या शेकोटीच्या उजेडाकडे रात्रभर वाचलेले लोक येत राहिले. बुडालेल्या दुसऱ्या एका जहाजावरील ब्रिटिश सैनिकही त्यांना येऊन मिळाले. बेट आधीच जपान्यांच्या ताब्यात गेले होते व जवळ अन्नपाणी नव्हते. म्हणून सर्वांनी शरण जावे असे ठरले आणि जहाजावरील एक अधिकारी मुंटोक गावाकडे जपान्यांना आणण्यासाठी गेला. दरम्यान ड्रमंड यांच्या सूचनेवरून नागरी स्त्रिया व मुले मुंटोकच्या दिशेने पुढे निघाली. परिचारिका मात्र मागे थांबल्या, कारण किनाऱ्यावर चालता न येणारे जखमी होते. त्यांच्या गणवेशावर रेड क्रॉसच्या पट्ट्या होत्या. युद्धकाळात वैद्यकीय सेवकांवर शस्त्र उचलू नये हा आंतरराष्ट्रीय करारांचा दंडक असल्यामुळे या खुणेने आपले रक्षण होईल, असा त्यांचा विश्वास होता.

१६ फेब्रुवारी रोजी सकाळी त्या अधिकाऱ्यासोबत जपानी सैनिकांची तुकडी आली. सैनिकांनी पुरुषांना वेगळे काढून किनाऱ्याच्या एका वळणापलीकडे नेले व तेथे त्यांना संगिनींनी व गोळ्यांनी ठार केले. थोड्या वेळाने सैनिक संगिनी पुसत परत आले, तेव्हा काय घडले ते परिचारिकांच्या लक्षात आले. त्यानंतर २२ परिचारिकांना आणि जखमी पतीसाठी मागे राहिलेल्या एका वृद्ध नागरी स्त्रीला समुद्राकडे तोंड करून पाण्यात चालत जाण्याचा हुकूम देण्यात आला. त्या कमरेइतक्या पाण्यात पोहोचल्यावर पाठीमागून मशीनगन चालविण्यात आली. स्ट्रेचरवर पडलेल्या जखमींनाही मारण्यात आले.

बुलविंकल यांना डाव्या बाजूला कमरेच्या वर गोळी लागली व ती शरीरातून आरपार निघाली. आतील कोणत्याही महत्त्वाच्या अवयवाला इजा झाली नव्हती. त्या पाण्यात पडल्या, पण बुडाल्या नाहीत. लाटांबरोबर किनाऱ्याकडे ढकलल्या जात असताना त्या प्रेतासारख्या निश्चल राहिल्या. सैनिक निघून गेल्यावर त्या उठल्या, तेव्हा किनाऱ्यावर त्यांच्या सहकाऱ्यांपैकी कोणीही जिवंत नव्हते. पुरुषांच्या गटातून अर्नेस्ट लॉइड हा खलाशी व एरिक जर्मन हा अमेरिकन नागरिक असे दोघे स्वतंत्रपणे वाचले. परंतु परिचारिकांच्या हत्येची पीडित म्हणून साक्ष देऊ शकणारी व्यक्ती एकच उरली होती.

जंगलातील दिवस

बुलविंकल किनाऱ्यालगतच्या जंगलात शिरल्या व तेथे बराच काळ ग्लानीत पडून राहिल्या. पाण्याच्या शोधात त्या बाहेर आल्या, तेव्हा त्यांना सेसिल किन्स्ली हा ब्रिटिश सैनिक भेटला. त्याच्या दंडाला मोठी जखम झाली होती आणि हत्याकांडाच्या वेळी त्याला संगिनीनेही भोसकले होते. बुलविंकल स्वतः जखमी असताना त्यांनी त्याची शुश्रूषा सुरू केली. वाहून आलेल्या सामानातील कापड व नारळाचा काथ्या यांखेरीज त्यांच्याजवळ मलमपट्टीचे साहित्य नव्हते.

अन्नासाठी त्या जवळच्या वस्तीवर जात. गावातील पुरुषांनी जपान्यांच्या सूडाच्या भीतीने मदत नाकारली व शरण जाण्याचा सल्ला दिला. पण त्या परत फिरल्यावर गावातील स्त्रियांनी जंगलाच्या कडेला गुपचूप येऊन त्यांना अन्न दिले. या अनाम स्त्रियांच्या मदतीवर दोघांनी सुमारे बारा दिवस काढले. अशा रीतीने फार काळ तग धरता येणार नाही हे ओळखून बुलविंकल यांनी पुन्हा शरण जाण्याचा विचार मांडला. तेव्हा किन्स्लीने एक दिवस थांबण्याची विनंती केली. दुसऱ्या दिवशी त्याचा ३९ वा वाढदिवस होता आणि तो त्याला मोकळ्या माणसाप्रमाणे घालवायचा होता. त्याप्रमाणे एक दिवस थांबून ते शरण गेले. त्यानंतर काही दिवसांतच किन्स्लीचा मृत्यू झाला.

शरण जाताना गणवेशावरील गोळीचे छिद्र दिसू नये म्हणून बुलविंकल यांनी खांद्यावरून पाण्याची बाटली अडकवून ती छिद्रावर येईल अशी धरली होती.

बंदिवास व मौन

मुंटोक येथे बुलविंकल यांची उरलेल्या ३१ परिचारिकांशी भेट झाली. राडजी किनाऱ्यावर काय घडले ते त्यांनी सहकाऱ्यांना सांगितले. एक साक्षीदार जिवंत आहे हे जपान्यांना कळले, तर तिला आणि ऐकणाऱ्या सर्वांनाच मारले जाईल, हे उघड होते. म्हणून या विषयावर पुन्हा बोलायचे नाही असे ३२ जणींनी ठरविले व साडेतीन वर्षे ते पाळले.

या परिचारिका सैन्यात असूनही जपान्यांनी त्यांना युद्धकैद्यांचा दर्जा दिला नाही. नागरी स्त्रिया व मुले यांच्या छावण्यांतच त्यांना ठेवण्यात आले. मुंटोकहून त्यांना सुमात्रातील पालेम्बांग येथे, १९४४ मध्ये पुन्हा मुंटोकला आणि एप्रिल १९४५ मध्ये सुमात्रातील लुबुक लिंगाऊजवळच्या बेलालाऊ या रबराच्या मळ्यात हलविण्यात आले. छावण्यांत अन्न अपुरे व निकृष्ट होते. हिवताप, आमांश व बेरीबेरी यांचा कायम प्रादुर्भाव असे आणि औषधे जवळजवळ मिळतच नसत. परिचारिकांनी आजाऱ्यांची देखभाल आपसांत वाटून घेतली, मृतांसाठी थडगी खणली आणि चार पैसे मिळविण्यासाठी इतर कैद्यांची कामेही केली.

पालेम्बांगच्या छावणीत मार्गारेट ड्रायबर्ग या धर्मप्रचारिका व नोरा चेंबर्स या संगीतज्ञ स्त्रीने कैदी स्त्रियांचा एक गायकवृंद उभा केला. वाद्ये नसल्यामुळे वाद्यवृंदाच्या रचना केवळ मानवी आवाजांत बसविण्यात आल्या. पहिला कार्यक्रम २७ डिसेंबर १९४३ रोजी झाला. पुढे अनेक गायिका आजारपणात दगावल्या व हा उपक्रम थांबला.

फेब्रुवारी ते ऑगस्ट १९४५ या काळात आठ परिचारिकांचा छावण्यांत मृत्यू झाला. त्यांपैकी शेवटचा मृत्यू १८ ऑगस्ट रोजी, म्हणजे जपानने शरणागती जाहीर केल्यानंतर तीन दिवसांनी झाला. युद्ध संपल्याची बातमी तोवर छावणीतील कैद्यांना सांगण्यात आलेली नव्हती. १६ सप्टेंबर १९४५ रोजी उरलेल्या परिचारिकांना विमानाने सिंगापूरला नेण्यात आले. त्यांना घेण्यासाठी ऑस्ट्रेलियन सैन्याच्या प्रमुख परिचारिका ॲनी सेज स्वतः गेल्या होत्या. ‘व्हायनर ब्रूक’वर चढलेल्या ६५ जणींपैकी १२ समुद्रात, २१ राडजी किनाऱ्यावर आणि ८ कैदेत मरण पावल्या होत्या, २४ जणी मायदेशी परतल्या.

साक्ष

सुटकेनंतर बुलविंकल यांनी हत्याकांडाची हकीकत उघड केली व ऑक्टोबर १९४५ मध्ये ऑस्ट्रेलियात युद्धगुन्ह्यांची चौकशी करणाऱ्या अधिकाऱ्यांपुढे जबाब दिला. डिसेंबर १९४६ मध्ये त्या टोकियोला गेल्या. ऑस्ट्रेलियन न्यायाधीश सर विल्यम वेब यांच्या अध्यक्षतेखालील आंतरराष्ट्रीय लष्करी न्यायाधिकरणापुढे त्यांनी शांतपणे व क्रमवार निवेदन केले. ज्या गणवेशात त्यांना गोळी लागली, तो गणवेश त्यांनी कैदेच्या संपूर्ण काळात जपून ठेवला होता. पुढे तो कॅनबेरा येथील ऑस्ट्रेलियन युद्ध स्मारकात ठेवण्यात आला.

प्रत्यक्ष हत्याकांडाबद्दल मात्र कोणत्याही न्यायालयाने कोणासही शिक्षा केली नाही.

न सांगितलेला भाग

बुलविंकल यांच्या मृत्यूनंतर या घटनेच्या इतिहासात एक महत्त्वाची भर पडली. गोळीबारापूर्वी परिचारिकांवर लैंगिक अत्याचार झाले होते व त्याविषयी न बोलण्याचा आदेश आपल्याला सरकारकडून मिळाला होता, असे बुलविंकल यांनी आयुष्याच्या अखेरच्या काळात सांगितल्याचे पत्रकार टेस लॉरेन्स यांनी नमूद केले आहे. इतिहासकार लिनेट सिल्व्हर यांनी २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथात हा विषय सविस्तर मांडला. बार्बरा एंजेल यांनी बुलविंकल यांच्या गणवेशाच्या अवस्थेचा अभ्यास करून तशाच प्रकारचा निष्कर्ष काढला होता.

मृतांच्या कुटुंबीयांना अधिक दुःख होऊ नये, तसेच त्या काळात अशा अत्याचाराचा कलंक पीडित स्त्रीलाच लावला जात असे, अशी कारणे या मौनामागे असल्याचे अभ्यासक मानतात. या संशोधनामुळे बुलविंकल यांच्या साक्षीकडे पाहण्याची दृष्टी बदलली. कैदेतील मौन त्यांनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी जीव वाचविण्यासाठी स्वतः स्वीकारले होते. या मांडणीनुसार मायदेशी परतल्यानंतरचे मौन त्यांच्यावर लादण्यात आले होते आणि ते पहिल्यापेक्षा कितीतरी दीर्घकाळ टिकले.

युद्धोत्तर कार्य

बुलविंकल १९४७ मध्ये सैन्यातून निवृत्त झाल्या. छावणीतील त्यांची सहकारी बेटी जेफ्री हिच्यासह त्यांनी व्हिक्टोरिया राज्यातील रुग्णालयांचा मोटारीने दौरा केला व मृत परिचारिकांच्या स्मरणार्थ निधी गोळा केला. केवळ दगडी स्तंभ न उभारता हयात परिचारिकांच्या शिक्षणाला उपयोगी पडेल अशी वास्तू उभारावी, ही त्यामागची कल्पना होती. त्यातून मेलबर्न येथे १९५० मध्ये परिचारिका स्मारक केंद्र सुरू झाले. जेफ्री यांनी छावणीत लपवून लिहिलेल्या रोजनिशीवर आधारित ‘व्हाइट कूलीज’ हे पुस्तक १९५४ मध्ये प्रसिद्ध झाले.

१९५५ मध्ये बुलविंकल नागरी सेनेत पुन्हा दाखल झाल्या व १९७० मध्ये लेफ्टनंट कर्नल या पदावरून निवृत्त झाल्या. १९६१ ते १९७७ या काळात त्या मेलबर्नच्या फेअरफिल्ड सांसर्गिक रोग रुग्णालयाच्या मुख्य परिचारिका होत्या. ऑस्ट्रेलियातील परिचर्या महाविद्यालयाचे अध्यक्षपदही त्यांनी भूषविले. १९७५ मध्ये व्हिएतनाम युद्धाच्या अखेरीस सायगावमधून अनाथ बालकांना विमानाने बाहेर काढण्याच्या मोहिमेत त्या सहभागी झाल्या. ऑस्ट्रेलियन युद्ध स्मारकाच्या विश्वस्त मंडळावर नियुक्त झालेल्या त्या पहिल्या महिला होत.

१९७७ मध्ये त्यांनी कर्नल फ्रान्सिस स्टॅथम यांच्याशी विवाह केला व त्या पर्थ येथे राहावयास गेल्या. १९९० च्या दशकाच्या प्रारंभी त्या बांका बेटावर परत गेल्या व मुंटोक येथे सहकाऱ्यांचे स्मारक उभारण्याच्या कार्यात सहभागी झाल्या. ३ जुलै २००० रोजी पर्थ येथे त्यांचे निधन झाले.

सन्मान

बुलविंकल यांना पुढील सन्मान प्राप्त झाले :

• रॉयल रेड क्रॉस, असोसिएट श्रेणी (१९४७) – लष्करी परिचर्येतील विशेष सेवेसाठी दिले जाणारे ब्रिटिश पदक.

• फ्लॉरेन्स नाइटिंगेल पदक (१९४७) – आंतरराष्ट्रीय रेड क्रॉस समितीचा परिचर्या क्षेत्रातील सर्वोच्च सन्मान.

• मेंबर ऑफ द ऑर्डर ऑफ द ब्रिटिश एम्पायर (१९७३).

• ऑफिसर ऑफ द ऑर्डर ऑफ ऑस्ट्रेलिया (१९९३).

स्मृती

सुमात्रातील स्त्रियांच्या छावण्यांवर आधारित ‘पॅराडाइज रोड’ हा ब्रूस बेरेसफर्ड दिग्दर्शित चित्रपट १९९७ मध्ये प्रदर्शित झाला. तेथील गायकवृंद हा त्याचा मुख्य विषय आहे. १९९९ मध्ये नॉर्मन मॅनर्स यांनी लिहिलेले बुलविंकल यांचे चरित्र प्रसिद्ध झाले.

२ ऑगस्ट २०२३ रोजी कॅनबेरा येथील ऑस्ट्रेलियन युद्ध स्मारकाच्या प्रांगणात शिल्पकार चार्ल्स रॉब यांनी घडविलेल्या बुलविंकल यांच्या पुतळ्याचे अनावरण झाले. त्या प्रांगणात उभारलेला एखाद्या महिलेचा हा पहिला स्वतंत्र पुतळा होय. त्याच्या पायथ्याशी पोलादाच्या २२ चकत्या बसविल्या असून त्यांची मांडणी १६ फेब्रुवारी १९४२ च्या रात्री आकाशात दिसणाऱ्या ताऱ्यांप्रमाणे केली आहे. राडजी किनाऱ्यावरील २१ परिचारिका व त्यांच्याबरोबर मारली गेलेली नागरी स्त्री मिळून २२ होतात.